टॉवेलखालचं मध्ययुग

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावून घ्या. आजच्या एपिसोडमध्ये वाईट असं काहीच नाहीये, पण मी पुढची पंधरा मिनिटं चड्डी, ब्रा आणि बनियन हे शब्द इतक्या वेळा उच्चारणार आहे की घरात कुणीतरी "काय ऐकतेस गं हे?" असं विचारणारच.

आमच्या घरी गच्चीत कपडे वाळत घालायचा एक नियम होता. भावाच्या चड्ड्या आणि बाबांच्या बनियन खुशाल पुढच्या दोरीवर फडफडायच्या. माझे आणि आईचे आतले कपडे मात्र मागच्या दोरीवर, आणि त्यांच्यावर एक टॉवेल. पावसाळ्यात ते चार-चार दिवस वाळायचे नाहीत, कुबट वास यायचा, पण टॉवेल हलायचा नाही. तुमच्याकडेही असंच असेल. तर आज तो टॉवेल जरा बाजूला करू आणि त्याखालून एकदम मध्ययुगीन युरोपात जाऊ. म्हणजे साधारण १२०० ते १५००, फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया हा भाग.

मी यात कशी पडले ते आधी सांगते. कॉलेजात आम्ही जोन ऑफ आर्कवर एकांकिका केली होती. वेशभूषा माझ्याकडे. मी इंटरनेटवरून फोटो काढले, बाहेरचे कपडे झकास शिवून घेतले: अंगरखा, पट्टा, टोपी, सगळं. आत काय घालायचं याचा विचार शून्य. आमची जोन आपली रोजची काळी लेगिंग आणि स्पोर्ट्स ब्रा घालून वर अंगरखा चढवून उभी. पहिल्याच प्रयोगात, शेवटच्या प्रवेशात, तिला खांबाला बांधताना अंगरखा खांद्यावरून घसरला आणि स्पॉटलाइटमध्ये तिच्या ब्राचा निऑन हिरवा पट्टा चमकला. मागच्या रांगेतून शिट्टी आली. मग हशा. चितेवर उभी असलेली जोन आणि हसणारं सभागृह. तिने प्रवेश पूर्ण केला, विंगेत आली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चूक पूर्ण माझी होती. दुसऱ्या प्रयोगाला अठरा दिवस होते. त्या अठरा दिवसांत मी जे वाचलं आणि शिवलं, तोच आजचा एपिसोड.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून. त्या काळचे बाहेरचे कपडे बहुतेक लोकरीचे. लोकर महाग, रंगवलेली तर फारच महाग, आणि ती वारंवार धुता येत नाही. आटते, रंग जातो. म्हणून अंगाला लागून एक धुता येणारा थर लागायचा. तो लिननचा. घाम, मळ, तेल सगळं तो थर शोषून घेणार, वरचा झगा वाचणार. लिनन राखेच्या पाण्यात, म्हणजे क्षारात, भिजवायचं, बडवायचं, उन्हात गवतावर पसरायचं. जितकं धुवाल तितकं ते मऊ आणि पांढरं होत जातं. त्यामुळे "मध्ययुगातले लोक घाणेरडे होते" असं जे रील्समध्ये सांगतात ना, ते जरा जपून ऐका. रोज आंघोळ नसेल, पण आतला सदरा बदलणं ही स्वच्छतेची त्यांची स्वतःची पद्धत होती.

आणि हे लिनन कशापासून बनतं माहितीये? जवस! आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी, भाकरीबरोबर तेल घालून खातो ती. वनस्पती तीच. आपल्याकडे ती मुख्यतः बीसाठी आणि तेलासाठी लावली, त्यांच्याकडे उंच वाढणाऱ्या जाती धाग्यासाठी. खोड उपटायचं, पाण्यात किंवा दवात कुजवायचं, मग कुटून, विंचरून आतला धागा मोकळा करायचा, आणि मग कुठे सूतकताई सुरू. एका सदऱ्यामागे किती हातांचे किती दिवस गेले असतील, विचार करा. म्हणून तो कापताना एक इंच वाया जाऊ द्यायचा नाही. सदऱ्याचं बेतणं बघा: सगळे चौकोन आणि त्रिकोण. अंगाला मोठे आयत, बाह्यांना आयत, घेरासाठी त्रिकोणी कळ्या, आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा, म्हणजे हात वर केला तर शिवण उसवत नाही. आपल्या कळीदार कुर्त्याचं डोकं यापेक्षा फार वेगळं नाही. मी हा सदरा शिवायला बसले तेव्हा शेजारच्या शिंपीकाकांना आकृती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे?"

बायकांचा सदरा लांब, पोटरीपर्यंत किंवा घोट्यापर्यंत. इंग्रजीत त्याला स्मॉक किंवा शिफ्ट म्हणतात, फ्रेंचमध्ये शेमीज. पुरुषांचा आखूड, मांडीपर्यंत.

आता चड्डी. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

पुरुषांच्या चड्डीला ब्रे म्हणायचे. तेराव्या शतकातली ब्रे म्हणजे ढगळ, गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली येणारा लिननचा पायजमाच. कमरेला दोरी किंवा पट्टा, आणि वरचं कापड त्यावरून गुंडाळलेलं. ती कशी दिसायची हे आपल्याला नीट कळतं ते एका पुस्तकामुळे. १२४०च्या दशकाच्या आसपास पॅरिसमध्ये बनलेलं चित्रमय बायबल. आज त्याची बहुतेक पानं न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत. चित्रकाराने गोष्टी बायबलच्या रंगवल्या, पण माणसं आपल्या आजूबाजूची घेतली. त्यामुळे शेतात मळणी करणारे मजूर उकाड्यात सगळं काढून नुसत्या ब्रेवर काम करतायत, पायाचे सोगे वर खोचून बांधलेत. अगदी आपल्याकडे शेतात धोतर वर खोचतात तसं. याच पुस्तकाचा एक प्रवास सांगितल्याशिवाय राहवत नाही: पोलंडच्या एका कार्डिनलने ते इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवलं, आणि तिकडे चित्रांच्या कडेला फारसीत टिपा लिहिल्या गेल्या. म्हणजे फ्रेंच मजुरांच्या चड्ड्यांशेजारी सुंदर फारसी अक्षर!

बरं, पायांचं काय? पँट नव्हती. दोन पायांना दोन वेगळे लांब मोजे, लोकरीचे, मांडीपर्यंत. त्यांना होज म्हणतात. ते खाली घसरू नयेत म्हणून ब्रेच्या कमरपट्ट्याला बंदांनी बांधायचे. पुढे पुरुषांचा कोट तोकडा होत गेला, तसे मोजे वर चढले, आणि पंधराव्या शतकात दोन्ही पाय मधोमध शिवून जोडले गेले. ते आता थेट वरच्या तंग बंडीला, डबलेटला, बांधायचे. मोजे घट्ट झाले म्हणताना आत ढगळ पायजमा कसा मावणार? मग ब्रे आखडत आखडत आजच्या चड्डीएवढी झाली. नाटक-सिनेमावाल्यांनी हे लक्षात ठेवा: शतक बदललं की आधी चड्डी बदला. आतलं चुकलं की वरचं बसतच नाही. मी लेगिंगवर अंगरखा चढवला होता ना, तो त्यामुळेच बोचक्यासारखा लोंबत होता.

आणि बायका? आल्प्सच्या उत्तरेकडच्या बायका चड्डी सर्रास घालत असल्याचा पुरावा जवळजवळ नाही. सदरा, वर झगा, वर आणखी एक झगा, पायात गुडघ्याखाली बांधलेले मोजे. बस. चड्डी ही पुरुषाची खूण मानली जायची. घरात सत्ता कुणाची, हे दाखवायला चित्रकार चड्डीसाठी चाललेली नवरा-बायकोची मारामारी काढायचे. जर्मन चित्रकार इस्राहेल फान मेकेनेमचं पंधराव्या शतकाच्या अखेरीचं एक कोरीव चित्र आहे: बायको सूतकताईची काठी उगारून नवऱ्याला बडवतेय, आणि पायाशी पडलीय चड्डी. आजही जर्मनमध्ये आणि इंग्रजीत "घरात पँट कोण घालतं" असं विचारतात, ते इथलंच.

आता ब्रा. माझ्याकडे असलेल्या जुन्या वेशभूषेच्या पुस्तकात ब्राचा इतिहास विसाव्या शतकात सुरू होतो. मेरी फेल्प्स जेकब नावाच्या अमेरिकन बाईला १९१४मध्ये पेटंट मिळालं, दोन रुमाल आणि रिबिनी जोडून तिने ती बनवली, वगैरे. त्याआधी कॉर्सेट, आणि त्याच्याही आधी काहीच नाही, असा एकूण समज.

मग २००८ साल. ऑस्ट्रियात पूर्व टिरोलमध्ये लेंगबर्ग नावाचा किल्ला आहे. तिथे दुरुस्ती चालू असताना दुसऱ्या मजल्यावर फरशीखालची एक पोकळी उघडली. आत कोरडा भराव: पेंढा, लाकडाचे तुकडे, जुने चामड्याचे जोडे आणि चिंध्या. कापडाचेच २,७०० हून जास्त तुकडे निघाले. पंधराव्या शतकात वर मजला चढवताना कुणीतरी घरातला कचरा खाली लोटून दिला होता. इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्झ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी ते तुकडे तपासले. त्यात चार गोष्टी अशा निघाल्या की बघणाऱ्याच्या तोंडून एकच शब्द यावा: ब्रा. लिननच्या, दोन वेगवेगळे कप, कडेला हाताने विणलेली नाजूक लेस. त्यातली एक तर खाली बरगड्यांपर्यंत येणारी आणि बाजूला नाडी ओवायला भोकं असलेली. कार्बन चाचणीत काळ आला पंधराव्या शतकाचा. २०१२मध्ये बातमी जगभर गेली.

मजा म्हणजे लेखी पुरावे आधीपासून होते. फ्रान्सच्या राजाचा शल्यवैद्य आंरी द मोंदव्हिल याने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की काही बायका कपड्यात छातीच्या मापाच्या दोन पिशव्या शिवून घेतात आणि रोज सकाळी त्यात छाती बसवतात. पिशव्या! इतिहासकारांनी हे वाचलं होतं, पण वस्तू समोर नसल्यामुळे त्या पिशव्या नेमक्या कशा हे डोळ्यासमोर येत नव्हतं. त्याच कचऱ्यात एक चड्डीही निघाली, कडेला बंद असलेली, ठिगळं लावलेली. सोशल मीडियावर लोकांनी तिला लगेच "मध्ययुगीन बिकिनी" करून टाकलं. नुट्झ यांच्या मते ती बहुधा पुरुषाची. वर सांगितलंच ना, चड्डी कुणाची मानायचे ते.

ती ठिगळं मला फार आवडली. कुणीतरी दिव्याखाली बसून चड्डीला ठिगळ लावलं, ते कुणी बघणार नव्हतं, तरी टाके सरळ.

तुम्ही म्हणाल, एवढे लाखो लोक रोज हे कपडे घालत होते, मग उरले इतके कमी का? राजाचा झगा जपून ठेवतात. सदरा विरला की त्याची लहान मुलाची झबली होतात, मग लंगोट, मग पुसायचं फडकं. आणि फडकंही फुकट जायचं नाही. तेव्हा युरोपात कागद लिननच्या चिंध्यांपासून बनायचा. न्यूरेंबर्गला उल्मान श्ट्रोमरने १३९०मध्ये कागदाची गिरणी सुरू केली, आल्प्सच्या उत्तरेकडच्या सुरुवातीच्या गिरण्यांपैकी ती एक. गुटेनबर्गच्या छापील बायबलच्या कागदी प्रतीसुद्धा चिंध्यांच्याच कागदावर आहेत. त्यात कुणाकुणाचे सदरे असतील देव जाणे. शाळेत छपाईच्या क्रांतीवर आपण पाच मार्कांचं उत्तर लिहिलं. त्यात चड्डीचा उल्लेख असता तर मला नक्की लक्षात राहिलं असतं.

आता जोनकडे येते.

जोन १४३० च्या मे महिन्यात कॉम्पियेनला पकडली गेली. साधारण अठरा वर्षांची पोर. रुआँ शहरातल्या किल्ल्यात तिला ठेवलं. खटला चर्चचा होता, तरी ती चर्चच्या तुरुंगात नव्हती, जिथे बायका पहारेकरी मिळाल्या असत्या. ती होती इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात, पायात बेड्या. तिच्यावरच्या आरोपांपैकी एक मोठा आरोप पुरुषी कपड्यांचा. आणि आरोपपत्रातल्या एका कलमात त्या कपड्यांची यादीच आहे: सदरा, ब्रे, डबलेट, आणि एकमेकांना जोडलेले लांब मोजे, जे डबलेटला वीस बंदांनी बांधलेले.

वीस बंद. मी हे वाचलं आणि थांबले. आपल्याकडे बंदांच्या संख्येवरून नाव पडलेला कपडा आहे, बाराबंदी. ही तर वीसबंदी! पण कोर्टाने चड्डी आणि बंद मोजून का लिहावेत? कारण त्यांच्या लेखी तो गुन्ह्याचा पुरावा होता. तिच्या लेखी ते कुलूप होतं. खटल्याचा नोंदलेखक गियोम मांशों याने पुढे, फेरचौकशीत, सांगितलं की रात्री पहारेकरी आपल्याशी काही करतील याची तिला भीती होती, आणि म्हणून ती पुरुषी कपडे घट्ट बांधून राहायची. झगा एका हाताने वर करता येतो. वीस गाठी एका हाताने सुटत नाहीत.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. दुसऱ्या प्रयोगासाठी मी ते सगळं शिवलं. लिनन परवडणारं नव्हतं, म्हणून मांजरपाट आणला, तीनदा धुतला. सदरा शिवला, काखेतल्या चौकोनासकट. ब्रेला नेफा केला, त्यात नाडी. मोज्यांना आणि डबलेटला भोकं पाडून काजं केली, चाळीसच्या चाळीस हाताने. बोटांची चाळण झाली. बंदांना बुटाच्या लेस वापरल्या, कारण खऱ्या बंदांच्या टोकालाही तसंच टोपण असायचं, फक्त धातूचं. तालमीत तुरुंगाचा प्रवेश होता, त्यात शिपाई तिच्यावर झडप घालतो. पहिल्यांदा हे कपडे घालून तो प्रवेश केला, तेव्हा शिपाई झालेला आमचा मित्र खरंच गोंधळला. त्याला एक गाठ सापडेना. जोन त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिने तो प्रवेश तिथून वेगळाच केला. आधी ती किंचाळायची. आता गप्प उभी राहायला लागली.

मग एक वेगळीच अडचण आली. प्रयोगाच्या अर्धा तास आधी तिला बाथरूमला जायचं होतं. ग्रीनरूमचं बाथरूम दोन मजले खाली. ती म्हणाली, "वीस सोडायच्या, वीस बांधायच्या, जाऊ दे, मी थांबते." मुलींनो, "मी थांबते" हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा म्हणतो! बसस्टँडवर, परीक्षेला, ट्रेकला. आम्ही दोघींनी मिळून मागच्या बाजूचे तेवढे बंद सोडले, ती पळत जाऊन आली, आम्ही परत बांधले.

याच गोष्टीवर खऱ्या जोनचा शेवट अडकलेला आहे. २४ मे १४३१ला तिने माघार घेतली आणि बायकांचा झगा घातला. पुन्हा पुरुषी कपडे घातले तर मरण, हे तिला ठाऊक होतं. रविवारी सकाळी काय झालं ते कोर्टाचा बेलिफ जाँ मास्यू याने पुढच्या चौकशीत सांगितलं. तिने पहारेकऱ्यांना सांगितलं, बेड्या काढा, मला उठायचंय. त्यांनी तिचा झगा काढून घेतला आणि पोत्यातून पुरुषी कपडे पुढे टाकले. ती म्हणाली, हे मला मना आहे. दुपारपर्यंत हुज्जत चालली. शेवटी लघवीला जाणं भागच होतं, तेव्हा तिने तेच कपडे घातले. सोमवारी न्यायाधीश आले तेव्हा ती त्याच कपड्यांत होती. बुधवारी, ३० मेला, तिला जाळलं.

कोर्टाच्या मूळ नोंदीत तिचं उत्तर वेगळं आहे. पुरुषांमध्ये राहायचं तर पुरुषी कपडेच योग्य, मी ते स्वतःहून घातले, असं तिने सांगितल्याचं लिहिलंय. इतिहासकार यावर अजून वाद घालतात. मला दोन्हीत विसंगती वाटत नाही. सकाळी तुमच्यापुढे एकच कपडा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की का घातलास, तर शत्रूसमोर "मला लघवीला जायचं होतं" असं कोण सांगेल? मीही म्हणाले असते, माझी मर्जी.

१४५६मध्ये तो निकाल रद्द झाला. पंचवीस वर्षांनी.

दुसऱ्या प्रयोगात शेवटी आमची जोन नुसत्या मांजरपाटाच्या सदऱ्यात चितेवर उभी होती. अंगरखा घसरायचा प्रश्नच नव्हता, तो नव्हताच. कुणी हसलं नाही. नंबर आला नाही, तेही सांगते, उगाच फिल्मी शेवट नको.

तुमच्यापैकी जे नाटक करतात, कॉस्प्ले करतात, शाळेच्या गॅदरिंगला मुलांचे कपडे शिवतात, त्यांनी मांजरपाट आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर आटून काखेत काचतो. काजं मशीनवर करू नका, फाटतात. सदऱ्याच्या बेताचा फोटो हवा असेल तर मेसेज करा, शिंपीकाकांनी कागदावर काढून दिलेला आहे, त्यांचं अक्षर मात्र तुम्हीच लावा.

तो सदरा आता माझ्याकडे आहे. घरी घालायला मस्त आहे, मऊ झालाय. गेल्या आठवड्यात धुतला आणि पुढच्या दोरीवर घातला. आई आली, बघितलं, "हे काय आतलं आहे की बाहेरचं?" म्हणाली. मी म्हटलं, आतलं. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, टॉवेल हातात घेऊन. मग तो टॉवेल तिने शेजारी वाळत घातला.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.